पेम्फिगसच्या गोळ्या चालू असताना कातडीवर नवं काही आलं: आजार उलटला, गोळी बाधली, की जंतू शिरले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचा लॅब्रेडॉर ब्रुनो सहा वर्षांचा, वजन ३० किलो. चार महिन्यांपूर्वी नाकावर, कानांवर आणि पंजांच्या गाद्यांवर खपल्या आल्या. बायोप्सीत पेम्फिगस फोलिएशस निघालं, म्हणजे शरीर स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करतं तो आजार. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ६० मिलिग्रॅम सुरू केलं, पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅम एक दिवसाआड जोडलं. महिन्याभरात खपल्या गेल्या. आता प्रेडनिसोलोन ३० वर आलंय. पण गेल्या काही आठवड्यांत पोटावर पुटकुळ्या आणि काळे ठिपके दिसतात, मानेच्या मागे खडबडीत पांढरट चट्टे आलेत, पुढच्या पायांवरचे केस गेलेत. एक डॉक्टर म्हणतात आजार उलटलाय, पुन्हा ६० करा. ओळखीचे एक श्वानपालक म्हणतात सगळं बंद करा, स्टिरॉइडनेच झालंय. कोणाचं ऐकू?"

या आठवड्यात तरी दोघांचंही नको. डोस वाढवायचा की उतरवायचा हे ठरवण्याआधी ब्रुनोच्या कातडीवर जे आहे ते नेमकं काय, हे कळायला हवं. ते फोटोवरून कळत नाही आणि खरं सांगायचं तर नुसत्या डोळ्यांनी आम्हालाही खात्रीने कळत नाही. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या कुत्र्याच्या त्वचेवर नवीन काही उमटलं की तीन शक्यता असतात. मूळ आजार उलटला, औषधानेच कातडी बिघडवली, किंवा औषधाने पहारा सैल केला आणि जंतू, किडे, बुरशी यांचं फावलं. आजार उलटला असेल तर औषधाचा जोर वाढवावा लागतो. औषध बाधलं असेल तर तो कमी करावा लागतो. जंतू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, आणि नंतर बहुतेक वेळा औषध कमीच. म्हणजे अंदाज चुकला तर उपचार थेट उलट दिशेला जातो. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की ब्रुनोला एकाच वेळी दोन-तीन गोष्टी झाल्या आहेत आणि पेम्फिगस त्यात असलाच तर त्याचा वाटा सगळ्यात लहान आहे. पण हे वाटणं झालं. ते काचेच्या पट्टीवर तपासता येतं.

पुटकुळ्यांपासून सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. पेम्फिगस फोलिएशसमध्ये शरीर त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनावर हल्ला करतं. कुत्र्यांमध्ये ते बहुतेकदा डेस्मोकॉलिन-१ असतं. जोड सुटला की पेशी सुट्या, गोलसर होऊन तरंगतात आणि पुवाने भरलेले फोड येतात. हे फोड मोठे, पसरट असतात, एकेका फोडात अनेक केस उभे दिसतात. ते लवकर फुटून पिवळट-तपकिरी खपली धरतात आणि जागाही ठरलेल्या असतात: नाकाचा दांडा, डोळ्यांभोवती, कानाच्या पाळ्या, पंजांच्या गाद्या, शिवाय डाव्या-उजव्या बाजूंना सारखेच. जंतूंमुळे येणाऱ्या पुटकुळ्या लहान असतात, केसाच्या मुळाशी येतात, पोट आणि जांघ त्यांना आवडते, आणि फुटल्यावर कडेने साल सुटलेलं गोल वर्तुळ मागे ठेवतात. ब्रुनोच्या पुटकुळ्या पोटावर आहेत आणि नाक-कान स्वच्छ आहेत असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. हे जंतूंच्या बाजूने झुकतं.

झुकतं एवढंच. खात्रीसाठी न फुटलेली एक पुटकुळी निर्जंतुक सुईने टोचायची, आतला पू काचपट्टीवर टिपायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रंग द्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. पांढऱ्या पेशींनी गिळलेले गोल जंतू दिसले तर संसर्ग आहे. जंतू नाहीत आणि गोल, सुट्या झालेल्या त्वचापेशी गठ्ठ्याने दिसल्या तर पेम्फिगसची शक्यता वाढते. दोन्ही दिसले तर आधी संसर्ग बरा करून पुन्हा पट्टी काढायची. यात एक मेख आहे: त्वचेवरच्या बुरशीची एक जात, ट्रायकोफायटॉन, हुबेहूब पेम्फिगससारखे फोड आणि तशाच सुट्या पेशी दाखवू शकते. म्हणून अशा पट्टीनंतर डोस वाढवण्याआधी बुरशीचं कल्चर लावलेलं, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून बघितलेला बरा.

ही तपासणी स्वस्त आहे आणि तरी ती कमी होते, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. तुमच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसेल तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांपैकी जे जवळ असेल तिथे न्या. नेण्याआधी दोन-तीन दिवस आंघोळ नको, पुटकुळ्यांवर काहीही चोळू नका, खपल्या काढू नका. धुऊनपुसून आणलेल्या कुत्र्याच्या अंगावरचा पुरावाच गेलेला असतो.

या जंतूंबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. कुत्र्याच्या त्वचेवरचा नेहमीचा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. तो निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही असतोच. स्टिरॉइडने प्रतिकार मंदावला की तोच आत शिरतो. आणि स्टिरॉइड लाली, सूज, खाज हेही दाबून ठेवतं. त्यामुळे "लाल नाही, खाजवत नाही, म्हणजे इन्फेक्शन नसेल" हा हिशेब इथे लागू होत नाही. प्रेडनिसोलोनवरच्या कुत्र्याचा बऱ्यापैकी पसरलेला संसर्गसुद्धा चार फिकट पुटकुळ्यांसारखा दिसतो. मग डोस उतरवायला लागलो की दाबलेली सूज वर येते, कुत्रा अचानक खाजवू लागतो आणि घरच्यांना वाटतं, गोळी कमी केली म्हणून आजार उलटला.

पट्टीवर जंतू दिसले तर उपचाराचा मुख्य भार अंगावर लावायच्या औषधावर ठेवा असं माझं मत आहे. २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस अंगावर पूर्ण १० मिनिटं घड्याळ लावून ठेवायचा, मग धुवायचा. बहुतेक घरांत तो दोन मिनिटांत धुतला जातो आणि मग शॅम्पूला नावं ठेवली जातात. तोंडाने अँटिबायोटिक द्यायची वेळ आली तर आधी कल्चर करून घ्या, विशेषतः गेल्या काही महिन्यांत त्याला एक-दोन कोर्स झाले असतील तर. औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस आता कुत्र्यांमध्येही दुर्मिळ राहिलेले नाहीत. सल्फा गटातली औषधं मी अशा कुत्र्यात टाळतो. त्यांच्यामुळे त्वचेवर स्वतंत्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि मग कशामुळे काय झालं याचा पत्ताच लागत नाही.

आता काळे ठिपके. ते जंतूंचे नसून बहुधा स्टिरॉइडचे आहेत. जास्त काळ जास्त प्रमाणात स्टिरॉइड मिळालं की त्वचेत कोलॅजन तयार होणं मंदावतं, वरचा थर पातळ होतो, तेलग्रंथी आक्रसतात, केसांची मुळं झोपी जातात आणि केसांच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचे बूच बसतात. तेच हे ठिपके. पोटावर ते सगळ्यात आधी दिसतात, कारण तिथली कातडी मुळातच पातळ आणि केस विरळ. ब्रुनोला उजेडात उताणं झोपवून बघा. पोटाच्या कातडीखालच्या शिरा स्पष्ट दिसत असतील, चिमटीत धरलेली कातडी कागदासारखी लागत असेल, तर कातडी पातळ झाली आहे हे नक्की. सोबत भरपूर पाणी पिणं, वारंवार लघवी, सुटलेलं पोट, सतत भूक हेही असेल. याने घाबरायचं नाही, डोस उतरला की बरंचसं भरून येतं, फक्त केस यायला कित्येक महिने लागू शकतात. पण तोवर ही कातडी जपावी लागते. रक्त काढताना केस कापायचं मशीन हलक्या हाताने चालवायला सांगा. सलाइनच्या सुईवरची चिकटपट्टी खेचून काढली तर तिच्याबरोबर कातडी सोलून निघू शकते, ती आधी भिजवून सैल करायला हवी. काखेत घासणारा हार्नेस काही दिवस नको. शिवायची जखम झालीच तर टाके नेहमीपेक्षा उशिरा काढावे लागतात.

पोटावर निळे-जांभळे डाग दिसले तर मात्र "कातडी पातळ झालीय" म्हणून सोडून देऊ नका. पातळ कातडीत रक्त साकळतं हे खरं. पण अझाथायोप्रिनने अस्थिमज्जा दबून प्लेटलेट्स घसरल्या तरी असेच डाग येतात, आणि आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकियातही असेच येतात. तिन्ही डाग दिसायला सारखे. रक्तातल्या पेशींची मोजणी केल्याशिवाय त्यांना वेगळं करता येत नाही. अझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिले दोन महिने साधारण दर दोन आठवड्यांनी पेशींची मोजणी आणि यकृताची तपासणी व्हायला हवी. तुमच्या प्रश्नात एकाही रिपोर्टचा उल्लेख नाही. झाल्या नसतील तर उद्याच करून घ्या. यकृताचा रिपोर्ट वाचताना एक खुणेची गोष्ट: त्यात एएलपी आणि एएलटी ही दोन विकरं (एन्झाइम) मोजतात. एएलपी वाढलेलं असणं हे कुत्र्यात स्टिरॉइडमुळेही होतं, पण एएलटी खूप वाढलं असेल तर संशय अझाथायोप्रिनवर जातो.

मानेमागच्या खडबडीत चट्ट्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या सगळ्यात सगळ्यात जास्त चुकीचा उपचार याच गोष्टीचा होतो. बोट फिरवल्यावर कातडीत वाळूचे खडे दाबून बसवल्यासारखे लागत असतील, रंग पांढरट-पिवळट आणि कडेला लाली असेल, तर ते बहुधा कॅल्सिनोसिस क्युटिस आहे. म्हणजे त्वचेतल्या बिघडलेल्या तंतूंवर कॅल्शियमचे क्षार साचतात. रक्तातलं कॅल्शियम बहुधा नॉर्मल असतं, त्यामुळे "कॅल्शियमची गोळी बंद करा" किंवा "दूध कमी करा" यांचा इथे उपयोग नाही. मानेची मागची बाजू, कंबर, काखा आणि जांघ या त्याच्या आवडत्या जागा. लॅब्रेडॉर, रॉटवायलर, बॉक्सर यांच्यात तो अधिक आढळतो, पण स्टिरॉइडवरच्या कोणत्याही कुत्र्याला होऊ शकतो. खात्री छोट्या बायोप्सीने होते.

त्याचा खरा उपचार म्हणजे स्टिरॉइड उतरवणं. आणि नेमका इथेच सापळा आहे. स्टिरॉइड कमी होऊ लागलं की दाबलेली सूज मोकळी होते आणि शरीर साचलेले खडे बाहेर ढकलायला लागतं. त्यामुळे सुधारणा सुरू होते तेव्हा हे चट्टे आधी बिघडतात: लाल होतात, फुटतात, त्यातून पांढरट कण आणि पाणी येतं, खाज सुटते, वर जंतू बसतात. हे काही आठवडे चालतं, मोठे चट्टे जायला महिने लागतात. ते दृश्य बघून कोणीही म्हणेल की पेम्फिगस भडकलं. मग प्रेडनिसोलोन पुन्हा वाढतं, दोन आठवड्यांत लाली दबते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि आत कॅल्शियम आणखी साचतं. डोस उतरवायला घेतला की तेच पुन्हा. या चक्रात वर्षभर अडकलेले कुत्रे येतात. त्यांच्या फायलीत दर वेळी "आजार उलटला" असं लिहिलेलं असतं आणि पट्टी एकदाही काढलेली नसते.

चट्ट्यांची काळजी साधी आहे. नखाने खडे उकरू नका. क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ ठेवा, कोरडे ठेवा, ब्रुनो चाटत किंवा घासत असेल तर गळ्यात कॉलर किंवा अंगात सुती टीशर्ट घाला. डायमिथिल सल्फॉक्साइड नावाचं द्रावण लावायची पद्धत आहे आणि ते काही कुत्र्यांत उपयोगी पडतं. पण ते हातमोजे घालूनच, लहान भागावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्तातलं कॅल्शियम तपासत लावायचं असतं. ते त्वचेतून झपाट्याने आत जातं आणि वर लावलेली इतर द्रव्यंही सोबत नेतं. रसायनांच्या दुकानातून बाटली आणून हा प्रयोग घरी करू नका.

पुढच्या पायांवरचे केस गेलेत, त्याचं कारण नुसतं स्टिरॉइड असू शकतं. पण त्या जागी मला डेमोडेक्स नाही ना, याची खात्री हवी. हा सूक्ष्म किडा केसांच्या मुळात राहतो आणि पिल्लू पहिल्या काही दिवसांत आईकडून तो घेतंच. आयुष्यभर तो थोड्या संख्येत गुपचूप राहतो. प्रतिकारशक्ती दाबली की संख्या बेसुमार वाढते. खोल स्क्रेपिंग करायचं, म्हणजे कातडी चिमटीत दाबून पात्याने रक्त ओलावेपर्यंत खरवडायचं. ब्रुनोची कातडी पातळ असल्याने हात हलका हवा. पंजांजवळ किंवा जिथे खरवडणं कठीण तिथे केस मुळासकट उपटून पट्टीवर बघता येतात. डेमोडेक्स निघाला तर आता चांगली औषधं आहेत: फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सॅरोलानर या गटातली, जी गोचिडांसाठीही देतात. पूर्वी झटके आलेले असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा. एक महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग स्वच्छ येईपर्यंत उपचार थांबवायचा नाही. आयव्हरमेक्टिनचे जुने लांबलचक कोर्स मी आता देत नाही. कोली आणि त्यांच्या नात्यातल्या जातींमध्ये ते जिवावर बेतू शकतं, आणि सायक्लोस्पोरिन (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा केटोकोनाझोल (बुरशीवरचं औषध) चालू असेल तर इतर जातींतही धोका वाढतो.

पावसाळा आहे म्हणून बुरशीबद्दलही. केस तुटलेले गोल चट्टे दिसले आणि त्याच सुमारास घरात कोणाला नायटा उठला, तर दोघांची तपासणी एकत्र करा. त्याहून गंभीर म्हणजे कातडीखाली एखादी गाठ येऊन ती फुटणं, छिद्रातून पू झिरपत राहणं आणि अँटिबायोटिकने ते न बसणं. माती-लाकडातल्या बुरश्या किंवा नोकार्डिया नावाचे जीवाणू काट्याच्या एका टोचणीतून आत शिरून असं करू शकतात, विशेषतः स्टिरॉइडबरोबर सायक्लोस्पोरिन चालू असताना. अशा गाठीची बायोप्सी आणि कल्चर दोन्ही लागतात. वाट बघण्यासारखी ती गोष्ट नाही.

आता गोळ्यांचं काय करायचं. प्रेडनिसोलोन एकदम बंद करायचं नाही. चार महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर ब्रुनोच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी, झोपलेल्या आहेत. गोळी अचानक तोडली तर उलट्या, गळून पडणं, रक्तदाब कोसळणं हे होऊ शकतं आणि त्यात कुत्रे दगावतात. शिवाय पेम्फिगसही उसळेल ते वेगळंच. पण ३० मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाला किलोमागे रोज १ मिलिग्रॅम, आणि चौथ्या महिन्यात हा डोस माझ्या मते जास्त आहे. अझाथायोप्रिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, ते आठवडे केव्हाच उलटून गेलेत. पट्टीत पेम्फिगसची खूण नसेल, तर संसर्गावर उपचार सुरू करून पुटकुळ्या बसेपर्यंत प्रेडनिसोलोन आहे तिथे ठेवा आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण पाव हिस्सा कमी करत एक दिवसाआडवर आणा. प्रत्येक पायरीआधी नाक, कान आणि गाद्या तपासा, फोटो काढून ठेवा. ६० वर परत जाण्याचं कारण मला यात दिसत नाही. पट्टीत खरोखर पेम्फिगसच उलटलेलं निघालं, तरी ब्रुनोसारख्या कॅल्शियम साचायला लागलेल्या कुत्र्यात मी स्टिरॉइड वाढवण्याऐवजी सोबतचं औषध बदलण्याचा विचार आधी करेन.

ते बदलून दिलं जाणारं औषध बहुधा सायक्लोस्पोरिन किंवा मायकोफेनोलेट असेल, म्हणून त्यांचंही थोडं ऐकून ठेवा. सायक्लोस्पोरिन कातडी पातळ करत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. हे औषध नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून आलं आणि माणसांच्या अवयव प्रत्यारोपणात गाजलं. कुत्र्यांच्या त्वचेसाठी अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली, तीही पेम्फिगससाठी नव्हे, ॲलर्जीच्या खाजेसाठी. पेम्फिगसमध्ये ते एकट्याने क्वचितच पुरतं, स्टिरॉइडचा डोस खाली आणायला मदत म्हणून वापरलं जातं. त्याचे परिणाम वेगळ्याच धाटणीचे: काही कुत्र्यांचे केस दाट, लांब होतात, हिरड्या फुगून दातांवर चढतात, ओठांवर किंवा पायांवर चामखिळी येतात, कधी कानाच्या आतल्या बाजूला किंवा पोटावर जाड, खरबरीत चट्टे उठतात. चामखिळी विषाणूंच्या असतात, माणसांना लागत नाहीत आणि डोस उतरल्यावर बहुधा गळून पडतात. मात्र एखादी वाढतच गेली किंवा तिच्यावर व्रण झाला तर काढून तपासावी, कारण क्वचित तिच्यात कर्करोग निघतो. सुरुवातीच्या उलट्या-जुलाबांवर साधी युक्ती आहे, कॅप्सूल फ्रीझरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून गार गार द्यायची. आणि केमिस्टने "तेच आहे" म्हणून वेगळ्या प्रकारचं सायक्लोस्पोरिन दिलं तर घेऊ नका. सूक्ष्म इमल्शनवालं आणि साधं यांचं शोषण वेगळं होतं. मायकोफेनोलेटचा त्रास मुख्यतः जुलाबांचा, त्वचेवर संसर्गापुरता. ऑक्लासिटिनिब खाजेसाठी उत्तम आहे, पण त्याच्यावरही डेमोडेक्स आणि बोटांमधले फोड दिसतात, तेव्हा त्याला निर्धोक समजू नका.

महिनाभर टिकणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनला नाही म्हणा. खाजणाऱ्या कुत्र्याला ते सर्रास टोचलं जातं, घरच्यांनाही गोळ्यांच्या कटकटीपेक्षा सोयीचं वाटतं. गोळी बाधली तर उद्यापासून कमी करता येते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. टोचल्या जागी केस गेलेला, कातडी खोल गेलेला चट्टा राहतो तो वेगळा. माणसांची स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमंही कपाटातच राहू द्या, ब्रुनोला लावू नका. आपल्याकडे माणसांतला नायटा इतका हट्टी व्हायला ही मलमं किती कारणीभूत झाली, हे त्वचारोगतज्ज्ञ पोटतिडकीने सांगत असतात. पातळ झालेल्या कातडीतून ती आणखी आत जातात आणि उरलेली ब्रुनो चाटतो. हळद-तेलाचा लेप, कडुलिंबाचा अर्क, टी ट्री तेल, जंतुनाशकाचं आंघोळीचं पाणी यांबद्दल माझं म्हणणं एवढंच की निरोगी कातडीवर जे चालून जातं ते या कातडीवर भाजतं, आणि पट्टीवरचं चित्रही बिघडवतं. दुपारच्या कडक उन्हात त्याला झोपू देऊ नका, उन्हाने पेम्फिगस भडकू शकतं. लंगडतोय म्हणून घरातली दुखणं कमी करण्याची गोळी तर मुळीच नको, स्टिरॉइडबरोबर ती जठराला भोक पाडू शकते. काळी, डांबरासारखी शी, पिवळे डोळे, ताप, कातडीचे पापुद्रे सुटून उघडं मांस दिसणं किंवा एकाएकी आडवं पडणं यांपैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता निघा.

लसीचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगतो. जिवंत विषाणूंच्या लसी हा डोस चालू असेपर्यंत पुढे ढकला. रेबीजची लस मृत विषाणूची असते, तिच्यापासून धोका नाही, फक्त प्रतिसाद कमी मिळू शकतो. तारीख जवळ आली असेल तर डोस शक्य तितका उतरल्यावर द्या, पण चुकवू नका. आणि अझाथायोप्रिनची गोळी अर्धी करायची वेळ आली तर हातमोजे घालून करा. घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनी या गोळीला हात लावू नये, उद्या मायकोफेनोलेट सुरू झालं तर त्यालाही नाही, आणि ब्रुनोची ओकारी किंवा शी-शू साफ करायचं कामही दुसऱ्याने करावं.